गाडीने श्वास कुठून घ्यायचा? खान्देशासाठी आखलेल्या एका हायब्रिड क्रॉसओव्हरचं प्रकरण

पारोळ्याजवळच्या एका खळ्यात, डिसेंबरातल्या एका सकाळी, आम्ही छोट्या हत्तीतून अर्धी गाडी खाली उतरवली. प्लायवूड, लोखंडी अँगल आणि जुन्या सीटा एवढ्यावर ती उभी होती. बोनेट नाही, चाकं नाहीत, दारं नाहीत. माणसांची बैठक, छताची कड, डिकी आणि डिकीचा उंबरा, इतकंच काय ते खऱ्या मापात. गाड्यांच्या डिझाइनमध्ये याला सीटिंग बक म्हणतात. माणूस आत कसा शिरतो, डोकं कुठे आपटतं, सामान कुठे कोंबतो, हे रंगरूप ठरण्याआधी या सांगाड्यावर कळतं.

खळं नानांचं, म्हणजे आमच्या गटातल्या पारोळ्याच्या विद्यार्थिनीच्या काकांचं. ही तुमचीच गाडी आहे असं समजा आणि रोजच्यासारखी वापरा, एवढंच त्यांना सांगितलं होतं. नानांनी वेचणीच्या कापसाचं एक गाठोडं उचललं, डिकीत टाकलं, गुडघ्याने दाबून आत सरकवलं. मग दुसरं. दुसरं गाठोडं मागच्या सीटच्या बगलेतल्या एका जाळीवर गच्च बसलं. नानांनी वाकून जाळीला बोट लावलं आणि विचारलं, "हाई जाळी कसानी शे?"

ती जाळी बॅटरीची होती. हायब्रिड, म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या गाडीच्या बॅटरीला थंड हवा मिळायची तेवढी एकच वाट आम्ही ठेवली होती, आणि ती पहिल्याच वापरात बंद झाली होती. गाठोडं काढलं तेव्हा जाळीच्या प्रत्येक फटीत रुईचे तंतू अडकलेले दिसले. माझ्या विद्यार्थिनीचा चेहरा उतरला. त्या जाळीची जागा तिनेच ठरवली होती आणि मी ती मान्य केली होती.

त्या गाठोड्यामुळे गाडीचा मागचा सगळा आकार बदलला. कसा, ते सविस्तर लिहितो.

जळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी यंत्र अभियांत्रिकी शिकवतो. त्याआधी काही वर्षं पुण्यात गाड्यांच्या बॉडी डिझाइनमध्ये काम केलं. अंतिम वर्षाच्या पाच जणांच्या गटाला मी प्रकल्प दिला तो असा: खान्देशातल्या एका कुटुंबाला एकच गाडी परवडते, ती शेतावर जाते, लग्नाला जाते, पोराला पुण्याला सोडायला जाते. त्या कुटुंबासाठी हायब्रिड क्रॉसओव्हरची कन्सेप्ट गाडी, म्हणजे कल्पना दाखवणारी नमुना गाडी, आखा आणि एकास चार मापाचं क्ले मॉडेल उभं करा. मुलं पारोळा, यावल, शिरपूर, भुसावळ आणि धुळ्याची. म्हणजे कापूस, केळी, घाट, ऊन आणि हायवे, सगळं घरातूनच आलेलं.

क्रॉसओव्हर कशाला म्हणायचं यावर पहिला आठवडा गेला. गावाकडची जुनी जीप किंवा बोलेरो ही चासीवर बसवलेली गाडी. खाली शिडीसारखी पोलादी चौकट, वर वेगळी बॉडी. क्रॉसओव्हरची बॉडी आणि चौकट एकच असते, साध्या कारसारखी. फक्त ती उंच बसते आणि चिखलाला थोडी तयार असते. टोयोटाने १९९४ मध्ये राव्ह-४ आणली तेव्हापासून हा प्रकार जगभर रुजला. हायब्रिडचा मोठा प्रवास १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये टोयोटाच्याच प्रियस गाडीपासून सुरू झाला, आणि २००४ मध्ये फोर्डच्या एस्केपने उंच गाडीत हायब्रिड आणलं. या दोन वाटा एकत्र यायला दहा वर्षं लागली, त्यामागे एक कारण जागेचं होतं. इंजिन, पेट्रोलची टाकी, मोटर, इन्व्हर्टर आणि बॅटरी हे सगळं ठेवून माणसं आणि सामान कुठे बसवायचं, हा हायब्रिडच्या डिझाइनचा खरा प्रश्न आहे. दिवे आणि ग्रिल त्यानंतर येतात.

मुलांची सुरुवात अर्थातच दिव्यांपासून झाली. त्यात गैर काही नाही, स्केच काढताना हात आधी गाडीच्या चेहऱ्याकडेच जातो. भिंतीवर ऑडीच्या क्रॉसलेन कूपेचं मोठं चित्र लावलेलं होतं. २०१२ च्या पॅरिस प्रदर्शनातली ती प्लग-इन हायब्रिड, म्हणजे बाहेरूनही चार्ज करता येणारी, क्रॉसओव्हर कन्सेप्ट. तीन सिलिंडरचं दीड लिटर इंजिन, दोन विजेच्या मोटरी, आणि ॲल्युमिनियम व कार्बन फायबरची चौकट. त्या गाडीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे तिची पुढची ग्रिल सांगाड्याचाच भाग आहे, वरून चिकटवलेली नाही. हे मी मुलांना दाखवलं. त्यांनी ऐकलं, आणि यावलच्या मुलाने दुसऱ्या दिवशी केळीच्या पानाच्या शिरांची ग्रिल काढून आणली.

चित्र सुंदर होतं. मी ते नाकारलं, आणि आजही नाकारेन. रावेर-यावलची केळी आपल्या अभिमानाची, जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण पानाची नक्षी पुढच्या जाळीवर उमटवल्याने गाडी खान्देशाची होत नाही. केळीच्या बागेतल्या अरुंद बांधावरून ती वळली, पाटाच्या चिखलातून निघाली, तर होते. तो मुलगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी पान घेऊन आला आणि त्याचा मधला दांडा आडवा कापून दाखवला: वरून पन्हळीसारखा खोल, खालून गोल. "सर, एवढं मोठं पान हा दांडा तोलतो, कारण तो सपाट नाही." डिकीच्या फळीला खालून कडकपणा द्यायला आम्ही तोच पन्हळीचा छेद वापरला. बाहेरून तो कुणालाच दिसत नाही.

लांबीचा घोळ

पहिला आराखडा ४,२६० मिमी लांबीचा होता. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २,५९०. पुढे ८६० आणि मागे ८१० मिमीचा ओव्हरहँग, म्हणजे चाकांच्या मध्यापलीकडे बाहेर येणारा भाग. प्रमाण चांगलं साधलं होतं. बाजारातल्या मोठ्या हायब्रिड क्रॉसओव्हर साधारण याच घरातल्या आहेत. मारुतीची ग्रँड विटारा ४,३४५ मिमी लांब आहे.

मग २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले. चार मीटरच्या आत आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल हायब्रिडला १८ टक्के, त्याहून मोठ्या हायब्रिडला ४० टक्के. कागदावरच्या कन्सेप्टला कर कोण लावणार, असं धुळ्याच्या मुलाचं म्हणणं होतं. माझं मत वेगळं होतं आणि मी ते लादलं, हे मान्य करतो. ज्या कुटुंबासाठी आपण गाडी आखतोय त्याला बावीस टक्क्यांचा फरक म्हणजे विहिरीवरची मोटर, पाइपलाइन आणि वर काही उरेल एवढा पैसा. कन्सेप्ट गाडीला स्वप्न बघायची मुभा असते, पण २०१२ ची मारुतीची एक्सए अल्फा पुढे २०१६ मध्ये चार मीटरच्या आतली विटारा ब्रेझा झाली, आणि टाटांची २०१८ ची एच-५-एक्स वर्षभरात हॅरियर म्हणून रस्त्यावर आली. आपल्याकडे लोक कन्सेप्टकडे उद्याची गाडी म्हणूनच बघतात.

तर २६५ मिमी कापायचे होते. व्हीलबेसमधून ९०, पुढून ६०, मागून ११५. लांबी ३,९९५ झाली. वाचताना हे तीन आकडे आहेत. स्केचवर मात्र गाडी एकदम उभट दिसायला लागली, कारण उंची तीच राहिली. पुढे ६० मिमी निघाले ते १.२ लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन आडवं बसवल्यामुळे. मागचे ११५ मिमी मात्र थेट डिकीतून गेले, आणि त्याच डिकीखाली बॅटरी होती.

बॅटरी डिकीखाली ठेवली की काय होतं याचं उदाहरण बाजारात आहे. ग्रँड विटाराच्या साध्या मॉडेलची डिकी ३७३ लिटरची, मोठ्या बॅटरीच्या स्ट्राँग हायब्रिडची २६५ लिटरची. शंभराहून जास्त लिटर बॅटरीपायी गेले. सव्वाचार मीटरच्या गाडीला हे सोसतं. चार मीटरच्या आतल्या गाडीत तेवढीच जागा गेली तर डिकीत दप्तरं आणि डबे बसतील, खताचं पोतं बसणार नाही.

आमच्यापुढे तीन जागा होत्या. डिकीखाली, पुढच्या सीटांखाली, मागच्या सीटखाली. निस्सानने २०१६ च्या नोट ई-पॉवरमध्ये बॅटरी पुढच्या सीटांखाली ठेवली. ही जागा मला मनापासून आवडते, वजन गाडीच्या मधोमध येतं. पण मागे बसणाऱ्याचे पाय पुढच्या सीटखाली जाईनासे होतात, आणि आपल्याकडे मागे तीन मोठी माणसं आणि मांडीवर एक पोर हा नेहमीचा हिशोब. शिवाय शेतातून आलेल्या चपलांचा चिखल तिथेच साठतो. टोयोटाने चौथ्या पिढीच्या प्रियसमध्ये बॅटरी मागच्या सीटखाली नेली. आम्ही तीच वाट धरली, पेट्रोलची टाकी ३५ लिटरवर आणून थोडी मागे सरकवली. बॅटरीला हवा लागते ती सीटच्या बगलेतल्या जाळीतून घेतली, कारण वाट सर्वांत जवळची होती. पारोळ्याला नानांचं बोट लागलं ते इथे.

घाटाचं गणित

बॅटरी किती मोठी, हे त्याआधी ठरायला हवं होतं, आणि त्यावर शिरपूरच्या मुलाने जे काम केलं ते मला या सगळ्या प्रकल्पात सर्वांत मोलाचं वाटतं.

हायब्रिडचा फायदा ब्रेक मारताना होतो. साध्या गाडीत ब्रेक तापतो आणि ऊर्जा हवेत जाते; हायब्रिडमध्ये चाकं मोटरला फिरवतात, मोटर जनित्र बनते आणि बॅटरी भरते. म्हणून शहरात, थांबत-थांबत चालताना, हायब्रिड खूप कमी पेट्रोल पिते. जळगाव ते धुळे हायवेवर ऐंशी-नव्वदच्या एकसारख्या वेगात हा फायदा फारसा उरत नाही, हे कुणीही गाडी विकत घेण्याआधी समजून घ्यावं. म्हणूनच आम्ही नुसती मालिका पद्धत, म्हणजे इंजिनाने फक्त वीज बनवायची आणि मोटरने चाकं फिरवायची, ही घेतली नाही. इंजिनातून वीज, विजेतून पुन्हा फिरकी, या दोन उड्यांत हायवेवर नाहक नुकसान होतं. प्रियसमध्ये ग्रहमालेसारख्या गिअरने इंजिन आणि दोन मोटरींची ताकद वाटली जाते. २०२२ च्या होंडा सिटी हायब्रिडमध्ये हायवेच्या वेगाला एक क्लच इंजिन थेट चाकांना जोडतो. आम्ही दुसरी पद्धत धरली.

पण खान्देशाला घाट आहेत. दक्षिणेला चाळीसगावहून कन्नडकडे औट्रम घाट, नवापूरच्या वाटेवर कोंडाईबारी, इंदूरच्या वाटेवर सेंधव्याजवळ बिजासन, आणि उत्तरेला सातपुड्यात तोरणमाळ. घाट उतरताना किती वीज परत मिळेल? माणसांसकट गाडी १,६०० किलोची धरली तर १०० मीटर खाली येताना ०.४४ युनिट ऊर्जा सुटते. हे शाळेतल्या पदार्थविज्ञानाचं गणित, वजन गुणिले उंची. त्यातून टायरचं घर्षण आणि हवेचा रोध वजा करायचा, उरलेल्याचा साधारण दोन तृतीयांश भाग बॅटरीत पोचतो असं धरायचं.

औट्रमचा उतार आम्ही ३०० मीटर धरला. हाती येते सुमारे ०.४ युनिट. तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास उंच, खाली शहादा दीडशेच्या आसपास. म्हणजे हजार मीटरचा उतार, आणि हाती जवळपास पावणेदोन युनिट. आता, हायब्रिडची बॅटरी रिकामीपासून काठोकाठ कधीच वापरत नाहीत, आयुष्य टिकावं म्हणून मधला अर्धा भाग वापरतात. तोरणमाळची सगळी वीज साठवायची तर साडेतीन युनिटची बॅटरी हवी. औट्रमसाठी एक युनिट पुरते.

मुलाला तोरणमाळ हवं होतं. त्याचं आजोळ तिकडचं, सातपायरीचा घाट त्याने लहानपणापासून पाहिलेला, आणि त्या वळणांवरून गाडी वीज भरत उतरते हे चित्र त्याच्या डोळ्यासमोर होतं. मला ते समजत होतं. पण तोरणमाळला कुटुंब वर्षातून एकदा जातं आणि साडेतीन युनिटची बॅटरी वर्षभर मागच्या सीटखाली वजन, पैसा आणि जागा खात बसते. एक युनिट ठरलं. तोरणमाळला निम्म्या वाटेच्या आतच बॅटरी भरेल, मग इंजिनाचा ब्रेक लागेल, तसा गिअरचा खटका आम्ही ठेवला. मुलाने आकडेमोडीखाली सही केली, पण मनातून तो राजी नव्हता.

गाठोड्यानंतर

पारोळ्याहून परतताना छोट्या हत्तीत कुणी बोललं नाही. एरंडोलला चहाला थांबलो तेव्हा भुसावळच्या मुलीने पहिला प्रश्न विचारला: "जाळीवर 'इथे सामान ठेवू नका' असं लिहिलं तर?"

मी नाही म्हटलं. ज्या जागी सामान जाणारच, तिथे पाटी लावून काही होत नाही. नानांनी काहीही चुकीचं केलं नव्हतं. गाठोडं डिकीतच ठेवायचं असतं.

या जाळीची गरज का, हे नीट सांगायला हवं. लिथियम-आयन बॅटरीला माणसासारखंच हवामान मानवतं, वीस ते पस्तीस-चाळीस अंश. त्यावर सतत राहिली तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. भुसावळला मे महिन्यात सावलीतलं तापमान पंचेचाळीसच्या वर जातं आणि उन्हात उभ्या गाडीच्या आतला पारा साठीला भिडतो. बाहेरची हवा बॅटरीवर मारून उपयोग नाही, ती आधीच भट्टीतली. म्हणून एसीने थंड झालेली आतली हवा पंख्याने खेचून बॅटरीवरून फिरवतात. लहान बॅटरीला हे पुरतं आणि पाण्याच्या नळ्यांपेक्षा स्वस्त पडतं. पण वाट बंद झाली की गाडी स्वतःच मोटरची ताकद कमी करते, बॅटरी वाचवायला. म्हणजे मालकाला वाटतं गाडीचा दम गेला, आणि कारण असतं कापसाचे चार तंतू. परदेशात अशाच जाळ्या कुत्र्यामांजरांच्या केसांनी तुंबतात. आपल्याकडे रुई आहे, मातीची पूड आहे, लग्नातल्या शालूची पिशवी आहे.

पुढचे तीन आठवडे जाळी कुठे न्यायची यावर गेले. सीटच्या पुढच्या बाजूला खाली नेली तर चपलांची धूळ. दोन सीटांच्या मधे नेली तर मधल्या माणसाची पाठ. छतातून आणली तर वाट फार लांब. शेवटी पारोळ्याच्या मुलीनेच ती मागच्या खांबात नेली, सी पिलरमध्ये, डिकीच्या फळीपासून ६०० मिमी वर, मागे बसणाऱ्याच्या खांद्याच्या उंचीला. तिथे गाठोडं पोचत नाही. पोचलंच तर मागचं काही दिसत नाही आणि माणूस स्वतःच ते काढतो. जाळीच्या मागे धुता येणारी गाळणी, पान्ह्याशिवाय निघणारी.

हे सोपं वाटतं. पण खांबाच्या आतून बॅटरीपर्यंत हवेचा पाइप उतरवायचा तर खांब जाड हवा. आणि आमच्या गाडीचा मागचा खांब काळ्या रंगाने लपवलेला, काचेत विरघळणारा होता. छत हवेत तरंगतंय असा भास द्यायची ही रीत सध्या सगळीकडे आहे, आणि धुळ्याच्या मुलाने त्यावर दोन महिने घातले होते. ते छत गेलं. मागची छोटी तिकोनी काच गेली. त्या जागी बॉडीच्याच रंगाचा एक भरीव खांब आला, खाली रुंद, वर निमुळता, मागच्या चाकावर नीट टेकलेला.

मी त्या दुपारी टेपने काढलेलं रेखाटन भिंतीवर पाहिलं आणि पहिल्यांदा मला गाडी उभी राहिलेली दिसली. लांबी कापल्यापासून ती मागे कललेली, थोडी घाबरल्यासारखी वाटत होती. जाड खांबाने तिचं वजन मागच्या चाकावर आणलं. धुळ्याच्या मुलानेही ते पाहिलं, आणि स्वतःहून खांद्याची रेघ, म्हणजे काचांखालून जाणारी कड, त्या खांबात नेऊन थांबवली. गाडीची ओळख आता तिथे आहे, मागून तिरक्या कोनातून. याची किंमतही आहे: चालकाला मागे डावीकडचं कमी दिसतं. बाहेरचे आरसे मोठे केले, तरी ती उणीव पूर्ण भरून निघालेली नाही.

काचेच्या छतावरही तेव्हाच काट मारली. माथ्यावरच्या उन्हात एक चौरस मीटरवर हजार वॉटच्या आसपास उष्णता पडते; काचेने त्यातली चाळीस टक्के आत सोडली तरी चारशे वॉटची शेगडी डोक्यावर. एसी ती उपसणार, एसी विजेवर चालणार, वीज बॅटरीतून जाणार, आणि बॅटरी भरायला सिग्नलवर बंद असलेलं इंजिन पुन्हा सुरू होणार. बाजूच्या काचा हव्या तितक्या काळ्या करून भागत नाही; नियमाने पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड पार झाला पाहिजे. पांढरं, पत्र्याचं, जाड अस्तराचं छत ठेवलं.

चिखल, बैल आणि मिस्त्री

काळ्या मातीबद्दल मुलांना सांगावं लागलं नाही. स्केचमध्ये चाक आणि त्यावरची कमान यांत बोटभर फट ठेवली की गाडी देखणी दिसते. ओल्या काळ्या रानातून शंभर पावलं गेलं की तीच फट मातीने भरते आणि चाक घासायला लागतं. आम्ही फट वाढवली, २०५/६० आर १६ टायर घेतला, ज्याचा व्यास ६५२ मिमी येतो, आणि खालून २०० मिमीचा ग्राउंड क्लिअरन्स ठेवला. क्रॉसओव्हरच्या कडेला असते ती काळी प्लास्टिकची पट्टी उन्हाने पांढुरकी पडते, म्हणून ती फक्त दगड लागतो तेवढ्या उंचीपर्यंत.

बैलांचा मुद्दा यावलच्या मुलाच्या आजीने काढला. गाडी आवाज न करता मागून आली तर जनावर बुजेल. आजी गाडीत बसून पाहायला आल्या होत्या. नऊवारीत, गुडघे दुखत असताना त्या वाकल्याशिवाय आणि चढल्याशिवाय आत बसू शकल्या, तेव्हा बैठकीची उंची आम्ही कायम केली. पण त्यांचं लक्ष गोठ्याकडे होतं. युरोपात विजेवर चालणाऱ्या नव्या गाड्यांना, हायब्रिडसकट, कमी वेगात आवाज करणं २०२१ पासून सक्तीचं आहे, ताशी २० किमीपर्यंत. तिथे विचार अंध पादचाऱ्यांचा झाला. आमच्या गाडीत तो आवाज गल्लीतल्या माणसांसाठी आणि जनावरांसाठीही आहे.

धुळे रस्त्यावरच्या एका गॅरेजवाल्या मिस्त्रींनी आराखडा दहा मिनिटं पाहिला आणि एकच विचारलं, वीज कुठून तोडायची? हायब्रिडमधल्या जास्त दाबाच्या तारा नारिंगी रंगाच्या असतात, हात लावण्याआधी सर्व्हिस प्लग काढून काही मिनिटं थांबावं लागतं. आमचा प्लग मागच्या सीटखाली होता, सीट पूर्ण उचकटल्यावर दिसणारा. तो दाराच्या बाजूला आणला.

क्ले मॉडेलच्या वेळी एक मोठा घाव बसला. क्लेने गाडीचं रूप घडवण्याची रीत जनरल मोटर्सच्या हार्ली अर्ल यांनी रुजवली. १९३८ ची ब्यूइक वाय-जॉब, जिला पहिली कन्सेप्ट गाडी म्हणतात, त्यांचीच. ही क्ले मेणाची असते, पन्नास-साठ अंशांना भट्टीत मऊ करून लावायची आणि थंड झाली की खरवडायची. आमची कार्यशाळा पत्र्याच्या शेडमध्ये. एप्रिलच्या एका रविवारी शेड बंद राहिली, आणि सोमवारी सकाळी छताची मागची कड अर्धा सेंटीमीटर खचलेली होती. एकास चार मापात अर्धा सेंटीमीटर म्हणजे खऱ्या गाडीत दोन. अकरा दिवसांचं काम पुन्हा केलं. नंतर मुलं पहाटे पाचला यायची, दहाला थांबायची, दारावर ओली बारदानं आणि कोपऱ्यात घरून आणलेला कूलर. भुसावळची मुलगी पहिल्या रेल्वेने यायची. त्या पंधरवड्यात मी त्यांच्याकडून जेवढं शिकलो तेवढं पुण्याच्या थंडगार स्टुडिओत शिकलो नव्हतो.

मे महिन्यात मूल्यमापन झालं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं की पुढून गाडी इतकी साधी का. पारोळ्याच्या मुलीने त्यांना मॉडेलच्या मागे नेलं आणि खांबातली जाळी दाखवून सुरुवात केली. चाळीस मिनिटं ते तिथेच उभे राहिले. आरशांच्या उणिवेवर त्यांनी गुण कापले, ते बरोबर होतं.

एक गोष्ट सुटलेली नाही. स्टेपनी. हायब्रिडमध्ये जागेपायी तिला काढून पंक्चर दुरुस्तीचा डबा देण्याची पद्धत आहे, पण बांधावरच्या बाभळीचा काटा टायरच्या बगलेत शिरला तर त्या डब्याने काही होत नाही. डिकीच्या फळीखाली आमच्याकडे ११० मिमी खोली आहे आणि तात्पुरत्या वापराची बारीक स्टेपनीही सव्वाशे मिमी जागा मागते. फळी पंधरा मिमी वर घेतली तर डिकीचा उंबराही तेवढाच वर जातो, आणि तो ६९० मिमीवर आम्ही थांबवलाय ते नानांनी पोतं उचलून दाखवल्यानंतर. यंदाच्या गटाने हा पंधरा मिमीचा प्रश्न सोडवायला घेतलाय. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ते सांगाडा घेऊन पुन्हा पारोळ्याला जाणार आहेत.